पिशवीच्या तोंडावरची लाली: जखम, बदल की आजार?

आजच्या कार्यक्रमात आपण एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. आमच्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतो. "डॉक्टर म्हणाले, पिशवीच्या तोंडाला जखम आहे. आज ना उद्या कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. काय करू?" कुणी जखम म्हणते, कुणी फोड म्हणते, कुणी म्हणते पिशवी सडली आहे. भीती मात्र सगळ्यांची एकच असते.

ही भीती किती महागात पडते ते आपल्या राज्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत, असा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हा ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे कारणे बरीच होती. पाळीत सुट्टी मिळत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. पण कॅन्सरची भीती घातली गेली, असेही अनेकींनी सांगितले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा काही नुसता बागुलबुवा नाही. २०२२ च्या अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि जवळजवळ ८० हजार बाया त्याने गेल्या. म्हणजे ज्यांना आजार नाही त्यांची पिशवी निघते, आणि ज्यांना आजार आहे त्या तपासणीविना राहतात. असे का होते? पिशवीच्या तोंडावर नेमके काय चालते, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलेच नाही. आज ते समजून घेऊ.

सुरुवात पेशीपासून करू. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. भिंतीत विटा असतात तशा, पण या विटा जिवंत आहेत. कातडीची पेशी वेगळी, यकृताची वेगळी, रक्ताची वेगळी. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. डोळा कसा करायचा, हाड कसे करायचे, केस कसा करायचा, सगळे त्या पोथीत लिहिलेले असते. फरक इतकाच की प्रत्येक पेशीपुढे तिच्या कामाची पाने उघडी असतात, बाकीची मिटलेली. कातडीच्या पेशीने कातडीची पाने वाचायची, आतड्याच्या पेशीने आतड्याची. पेशीची ओळख म्हणतात ती हीच.

मग ही ओळख बदलते का? बदलते, आणि गरजेला बदलते म्हणूनच आपण बरे होतो. शेवग्याची फांदी तोडून जमिनीत खोचली की तिला मुळ्या फुटतात. त्या फांदीत आधी मूळ नव्हते. फांदीतल्याच काही पेशींनी जुने काम सोडले आणि मुळाचे काम धरले.

आपल्या अंगातही असे घडते. चुलीपाशी किंवा गरम तेलाने हात पोळला तर वरची कातडी जाते. मग नवी कातडी येते कुठून? कडेने तर येतेच, पण केसांच्या मुळाशी काही राखीव पेशी असतात. एरवी त्यांचे काम केस वाढवण्याचे. कातडी गेली की त्या वर सरकतात आणि कातडीचे काम करू लागतात. वरवर पोळलेली जागा आपोआप भरते ती यामुळे. पण भाजणे खोल असेल आणि केसांची मुळेच जळाली असतील, तर राखीव पेशीच उरत नाहीत. मग मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागते. यकृताचेही असेच नवल आहे. नात्यातल्या माणसाला यकृताचा तुकडा दिला, तर देणाऱ्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढे होते.

पेशीला मिटलेली पाने उघडायला लावता येतात, हे शास्त्रज्ञांनीही करून दाखवले. जपानमधल्या क्योटो इथे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या अंगातल्या साध्या पेशी घेतल्या. फक्त चार जनुके वापरून त्यांनी त्या पेशींना गर्भातल्या सुरुवातीच्या पेशींसारखे केले. अशा पेशीपासून पुढे कोणतीही पेशी घडवता येते. या कामासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या चार जनुकांतले एक कॅन्सरशी नाते असलेले होते, आणि त्या पेशींपासून वाढवलेल्या काही उंदरांना गाठी झाल्या. यातून दोन गोष्टी दिसतात. ओळख बदलण्याची ताकद असल्यामुळे जखम भरते. आणि त्याच ताकदीवरचा लगाम सुटला तर गाठ होते.

आता पिशवीच्या तोंडाकडे येऊ.

आपल्या जुन्या घराची रचना डोळ्यांपुढे आणा. आत माजघर, तिथली जमीन शेणाने सारवलेली, मऊ. बाहेर ओटा, त्यावर फरश्या. कारण ओट्यावर ऊन, पाऊस, पायांची वर्दळ. आत मऊ जमीन चालते, बाहेर चालत नाही. पिशवीच्या तोंडाचेही असेच आहे. तोंडाच्या आतल्या बाजूला नाजूक पेशींचा एकच थर असतो. त्या चिकट पाणी सोडतात. तोंडाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे योनीच्या बाजूला, चपट्या पेशींचे एकावर एक अनेक थर असतात. त्या फरशीसारख्या टणक. दोन्ही जिथे मिळतात तो उंबरा समजा.

हा उंबरा एका जागी राहत नाही. मुलगी वयात येते, बाई गरोदर राहते, कुणी गर्भनिरोधक गोळ्या घेते, तेव्हा शरीरातल्या संप्रेरकांमुळे आतला नाजूक थर थोडा बाहेर येतो. तो पातळ असतो, खालच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसतात, म्हणून ती जागा लाल दिसते. डॉक्टरांनी आतून पाहिले की लालबुंद गोल दिसतो. पूर्वी याला व्रण म्हणायची पद्धत पडली आणि तेच नाव चालत राहिले. खरे तर तिथे काही खरचटलेले नसते, सडलेले नसते. आतली जमीन बाहेर आली, एवढेच.

बाहेर आलेल्या त्या नाजूक थराला योनीतला आंबटपणा सोसत नाही. मग खाली दडलेल्या राखीव पेशी कामाला लागतात. त्या नाजूक पेशी करण्याऐवजी चपट्या, टणक पेशी तयार करतात. मऊ जमिनीवर हळूहळू फरशी बसते. हा बदल प्रत्येक बाईत होतो आणि वर्षानुवर्षे चालतो. तो आजार नाही, शरीराने स्वतःला सांभाळायची ती रीत आहे.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तोंडावरची ही नैसर्गिक लाली म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि कॅन्सरची पहिली पायरीही नव्हे. तिच्यामुळे थोडे पांढरे पाणी जास्त जाईल, कधी संबंधानंतर रक्ताचा डाग दिसेल. तपासणी चांगली आली तर बहुतेक वेळा तिला कसलाही उपचार लागत नाही. पिशवी काढणे तर दूरच.

मग कॅन्सर कुठून येतो? तो याच उंबऱ्यावर येतो, पण दुसऱ्या कारणाने. एचपीव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो. बदलत्या पेशींच्या या पट्ट्यात त्याला आत शिरायला वाट मिळते. नव्या घडत असलेल्या पेशी उघड्या असतात, पुरत्या पक्क्या झालेल्या नसतात. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार मिळून या कॅन्सरच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ७ जणींच्या आजाराला कारण ठरतात. विषाणूचा आणि या कॅन्सरचा संबंध शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कळत नाही. म्हणून या आजारावरून कुठल्याही बाईच्या चारित्र्याबद्दल बोलू नये, बोलू देऊ नये. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींत तो मुक्काम ठोकतो.

मुक्काम ठोकलेला विषाणू काय करतो? प्रत्येक पेशीच्या पोथीत काही पाने "थांब" सांगणारी असतात. जखम भरली, आता वाढू नको. पोथीची नक्कल चुकली, आता मरून जा. विषाणू नेमकी ही पाने निकामी करतो. मग टणक फरशी होण्याच्या वाटेवर असलेली पेशी अर्ध्यातच अडकते. ती पक्की होत नाही, मरतही नाही, नुसती वाढत राहते. आधी खालच्या थरात, मग मधल्या, मग पूर्ण जाडीत. तोवरही तो कॅन्सर नसतो. त्याला कॅन्सरपूर्व बदल म्हणतात. हा बदल तळाचा पडदा फोडून खाली उतरला की मग तो कॅन्सर.

या सगळ्याला किती वेळ लागतो? साधारण प्रकृतीच्या बाईत १५ ते २० वर्षे. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १० वर्षे. म्हणजे वाट मोठी आहे, आणि तिच्यावर आपल्याला थांबवायला पुष्कळ जागा आहेत.

तंबाखू आणि मिश्री हा धोका वाढवतात. लहान वयात लग्न आणि बाळंतपण हाही मोठा धोका आहे. कोवळ्या वयात हा पट्टा जास्त बाहेर असतो, पेशींचा बदल जोरात चालू असतो, आणि त्याच वेळी विषाणू येतो. मुलीचे लग्न लवकर का करू नये, याला असलेल्या दहा कारणांत हे अकरावे जोडा.

आता तपासणी कशी होते ते ऐका. सरकारी दवाखान्यात तिशीनंतरच्या बायांसाठी व्हीआयए नावाची तपासणी आहे. बाईला टेबलावर झोपवून, योनीत साधन घालून पिशवीचे तोंड पाहतात. त्यावर पातळ केलेले ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, कापसाने लावतात. मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर ती जागा पांढरी होते. थोडे चुरचुरते, पण कापाकापी नाही, भूल नाही. काही मिनिटांत काम होते. पाळी चालू नसताना जावे. गरोदर असाल तर आधी सांगावे.

पांढरा डाग दिसला म्हणून कॅन्सर आहे असे समजू नका. कधी साध्या बदलत्या पेशीही फिकट पांढऱ्या होतात. म्हणून पुढे दुर्बिणीतून पाहतात आणि गरज पडली तर तुकडा तपासतात. आणखी एक गोष्ट. पाळी गेल्यावर तो उंबरा आत सरकतो, वरून दिसत नाही. म्हणून पन्नाशीनंतर व्हिनेगरच्या तपासणीवर फार भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा एचपीव्हीची चाचणी जास्त उपयोगी पडते.

या तपासण्यांचा उपयोग होतो याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायांनी त्यात भाग घेतला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे राहिले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. आपल्या गावाकडच्या बाया तपासणीला पुढे आल्या म्हणून जगाला हे कळले.

दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांमधला. तिथे टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले. त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली. सुमारे दीड लाख बाया आणि १२ वर्षे. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मोठी यंत्रे नसली तरी काम होते. लागते ती शिकवलेली आरोग्यसेविका आणि वेळेवर येणारी बाई.

आणि कॅन्सरपूर्व बदल निघालाच तर? तरीही पिशवी काढायची नसते. तेवढाच खराब भाग थंडीने गोठवतात, उष्णतेने जाळतात किंवा तारेने कापून काढतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते. काही आठवडे पाणी जाते आणि साधारण महिनाभर संबंध टाळायचा असतो. मग कडेच्या चांगल्या पेशी पुढे सरकतात, नव्या चपट्या पेशी घडतात आणि जागा भरून येते. आपण आधी पोळलेल्या हाताबद्दल बोललो, तेच काम इथे होते. वर्षभराने पुन्हा तपासून घ्यायचे, एवढे मात्र विसरायचे नाही.

खरोखर कॅन्सर असेल तर पिशवीची मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि ते कॅन्सरच्या रुग्णालयातच करायचे असतात. मोठ्या गाठी किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव यांसाठीही कधी पिशवी काढावी लागते. आमचे म्हणणे पिशवी कधीच काढू नये असे नाही. तपासल्याशिवाय काढू नये, असे आहे. कारण पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोप उडणे, लवकर ठिसूळ होणारी हाडे आणि हृदयाचा धोका हे सगळे मागे लागते. खुरपणी, तोडणी, मोळी उचलणे हे त्या हाडांवरच करायचे असते.

तोंडाबद्दलही थोडे बोलू, कारण बदलाचा हाच खेळ तिथे चालतो. गालाच्या आतली त्वचा मऊ असते. मिश्री किंवा तंबाखू रोज एकाच जागी लागत राहिली की तिथल्या पेशी स्वतःला वाचवायला टणक होऊ लागतात. पांढरा चट्टा दिसतो, तो पुसला जात नाही. दुखत नाही म्हणून आपण सोडून देतो. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, पण काहींचा होतो. असा चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, लगेच दाखवावा. मिश्री सोडली तर काही चट्टे निघूनही जातात.

आता कामाचे. तुमच्या उपकेंद्राला, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीनंतर तोंड, स्तन आणि पिशवीचे तोंड यांची तपासणी व्हायची योजना आहे. पिशवीच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते तो यासाठीच. तिला विचारा, व्हीआयए कोणत्या दिवशी, कुठे होते. उपकेंद्रात होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आडोसा नसेल, तपासायला बाई कर्मचारी नसेल, तर गटाने मिळून मागणी करा. एकटीने मागितले तर उद्या या म्हणतात, वीस जणी गेल्या की दिवस ठरतो.

काही लक्षणांसाठी तपासणीच्या पाळीची वाट पाहायची नसते. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसणे, घाण वासाचे किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे. यांतले काहीही असेल तर लगेच जा. नुसते पांढरे जाणे बहुतेक वेळा साधे असते किंवा जंतुसंसर्गामुळे असते. खाज, वास, दही फाटल्यासारखा स्राव असेल तर औषधाने बरे होते. काही वेळा नवऱ्यानेही औषध घ्यावे लागते.

कुणी पिशवी काढा म्हणाले तर चार प्रश्न विचारा. व्हीआयए किंवा एचपीव्ही तपासणी झाली का? सोनोग्राफीत नेमके काय आहे? तुकडा तपासला का, आणि त्याचा कागद कुठे आहे? पिशवी न काढता दुसरा उपाय कोणता? उत्तरे लिहून घ्या, कागद जपून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवा. कॅन्सरपूर्व बदल सावकाश चालतो हे आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून "आजच्या आज भरती व्हा" असे नुसत्या लालीसाठी कुणी म्हणाले, तर घाबरून सही करू नका.

आणि आपल्या मुली. एचपीव्हीची लस आहे. विषाणू यायच्या आधी दिली तर ती उत्तम काम करते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती द्यायला सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या देशातली लस बनवली आणि २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. तुमच्या भागात ती कशी आणि कुठे मिळेल हे आशाताईला विचारा. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. वहीत एक पान आखा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाचे नाव, शेवटची तपासणी कधी झाली, आणि पुढची कधी. ज्या रकान्यात "कधीच नाही" असेल, त्या बायांसोबत कोण जाणार तेही तिथेच लिहा. सासूबाई आणि जावा यांची नावेही त्यात घाला, त्या गटात नसल्या तरी. तपासणीचा दिवस ठरला की आम्हाला कळवा. तो आम्ही कार्यक्रमात सांगू, म्हणजे शेजारच्या वाडीतल्या बायांनाही येता येईल.